रखमाबाई

डॉ. रखमाबाई (जन्म : मुंबई, २२ नोव्हेंबर १८६४, मृत्यू : २५ सप्टेंबर १९५५) या भारतातील आद्य महिला डॉक्टरांपैकी एक होत. बालविवाहासंबंधीच्या गाजलेल्या खटल्यामुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. मात्र गर्भवती व बाळंतिणींसाठी सुरत आणि राजकोट येथे त्यांनी सुमारे पस्तीस वर्षे केलेले काम त्या मानाने अपरिचित राहिले.

पूर्वायुष्य व खटला

वडील जनार्दन पांडुरंग यांच्या निधनानंतर आई जयंतीबाई यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. वयाच्या अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. पण त्या माहेरीच राहून शिकत राहिल्या. दादाजींनी नांदवण्याचा हक्क सांगून दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. अपिलानंतर मात्र मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदायला जावे अथवा सहा महिने तुरुंगवास भोगावा, असा निकाल दिला. रखमाबाईंनी तुरुंगवासाची तयारी दर्शवली. पुढे १८८८ मध्ये दादाजींना २,००० रुपये देऊन तडजोड झाली. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यामागील चर्चेत या खटल्याचा मोठा वाटा होता.

वैद्यकीय कार्य

मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पीची यांच्या प्रोत्साहनाने व लोकवर्गणीच्या बळावर रखमाबाई १८८९ मध्ये लंडनला गेल्या. कल्याणच्या डॉ. आनंदीबाई जोशी यांना प्रत्यक्ष रुग्णसेवा करण्याआधीच १८८७ मध्ये मृत्यूने गाठले होते. रखमाबाईंना मात्र दीर्घ आयुष्य लाभले. १८९४ मध्ये शिक्षण पूर्ण करून त्या परतल्या आणि पुढच्याच वर्षी सुरतच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या.

खरी अडचण औषधांची नव्हती, भीतीची होती. बाळंतपण घरच्या अंधाऱ्या खोलीत सुईणीच्या हातून व्हावयाचे, हीच रीत होती. विटाळाची कल्पना आणि पडदा यांमुळे दवाखान्याची पायरी चढणे म्हणजे मरणाकडे जाणे, असा समज असे. त्यावर रखमाबाईंनी काढलेली युक्ती सांगितली जाते : गाभण शेळी रुग्णालयात आणून तिचे सुखरूप बाळंतपण त्यांनी करून दाखवले. त्यानंतर बायका हळूहळू येऊ लागल्या.

१९०४ मध्ये दादाजींचे निधन झाल्यावर त्यांनी विधवेची पांढरी साडी स्वीकारली. तुरुंग पत्करूनही जो विवाह त्यांनी मानला नाही, त्याचे वैधव्य मात्र का पाळले, याचा उलगडा सोपा नाही.

१९१८ मध्ये सरकारच्या महिला वैद्यकीय सेवेतील पद नाकारून त्या राजकोट संस्थानच्या स्त्री रुग्णालयाच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी झाल्या. माता व बालकांच्या आरोग्याकडे समाजाचे लक्ष वळण्याचा तो काळ होता. पुण्याच्या सेवासदनात परिचारिका घडत होत्या आणि १९२० मध्ये लेडी चेम्सफर्ड यांच्या नावाने माता-बाल कल्याणाची अखिल भारतीय संस्थाही निघाली. मात्र हे सारे प्रामुख्याने शहरांपुरते राहिले. शहापूर, मुरबाडसारख्या तालुक्यांतील खेड्यापाड्यांत बाळंतपणाचा भार सुईणीवरच होता.

१९३० च्या सुमारास निवृत्त होऊन रखमाबाई मुंबईस परतल्या. पडदापद्धती नाहीशी व्हावी, अशी मागणी त्यांनी एका पुस्तिकेत केली. मोहिनी वर्दे यांनी त्यांचे मराठी चरित्र लिहिले असून अनंत महादेवन यांनी त्यांच्यावर मराठी चित्रपट काढला आहे.