कुळाचा मुलगा, दोन कादंबऱ्या आणि एक खटला

यंदा फिलिपिन्सच्या लेखकांची पुस्तके वाचायची, असे आम्ही काही वकील आणि कार्यकर्त्यांनी मिळून ठरविले आहे. अमेरिकेतील काळ्या लेखकांशी आपल्या चळवळीचे नाते जुने आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरचे नावच तिकडून आले. पण आपल्याच आशिया खंडात ३३३ वर्षे स्पेनच्या आणि त्यानंतर जवळजवळ अर्धे शतक अमेरिकेच्या टाचेखाली राहिलेल्या या बेटांवरच्या माणसांनी काय लिहिले, याची आपल्याला गंधवार्ता नाही. कार्लोस बुलोसान, एफ. सिओनिल होसे, लुआल्हाती बौतिस्ता अशी नावे यादीत आहेत. त्यांची पाळी पुढे येईल. प्रारंभ मात्र डॉ. होसे रिझाल यांच्यापासूनच केला पाहिजे, कारण या माणसाला कादंबरी लिहिल्याची किंमत प्राणाने मोजावी लागली.

रिझाल यांचा जन्म १९ जून १८६१ रोजी लागुना प्रांतातील कालांबा या गावी झाला. अकरा भावंडांतले ते सातवे. वडील फ्रान्सिस्को मेर्कादो हे कूळ होते. कूळ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे उघडेवाघडे चित्र येते तसे हे घर नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. दगडी घर, पुस्तके, मुलांना शिकविण्याची ऐपत, सारे होते. परंतु जमीन त्यांची नव्हती. कालांबाची जवळजवळ सगळी जमीन डोमिनिकन संप्रदायाच्या पाद्र्यांच्या मालकीची, आणि गावातले लहानमोठे सारे त्यांचे खंडकरी. खंड ठरविणार पाद्री, तो वाढविणार पाद्री, बाप्तिस्मा देणार पाद्री आणि मेल्यावर स्मशानात जागा द्यायची की नाही हे ठरविणारही पाद्रीच. धर्मसत्ता आणि जमीनदारी एकाच झग्यात वावरत होती. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे रिझाल यांचे पुढचे सारे आयुष्य उलगडते.

त्यांनी लहानपणीच दोन अन्याय पाहिले. पहिला घरातला. आई तेओदोरा आलोन्सो या सुशिक्षित बाई. भावजयीला विष घालण्याचा प्रयत्न केला, असा खोटा आरोप त्यांच्यावर आला. त्यांना कालांबापासून सांताक्रूझपर्यंत सुमारे ५० किलोमीटर पायी चालवीत नेले आणि अडीच वर्षे तुरुंगात ठेवले. दुसरा अन्याय देशातला. कावितेच्या शस्त्रागारातील बंडाचे निमित्त करून १७ फेब्रुवारी १८७२ रोजी गोमेझ, बुर्गोस आणि झामोरा या तीन पाद्र्यांना मनिलात जाहीरपणे गळा आवळून मारण्यात आले. देशी पाद्र्यांना चर्चमध्ये बरोबरीचा हक्क हवा, ही त्यांची मागणी होती. थोरले बंधू पासियानो हे बुर्गोस यांच्या निकटचे असल्याने घराचे मेर्कादो हे नाव पोलिसांच्या डोळ्यांवर आले. म्हणून धाकट्याचे नाव शाळेत रिझाल असे लावले गेले.

हुशार विद्यार्थी, मनिलात आतेनेओ आणि सांतो तोमासमध्ये शिक्षण, मग मे १८८२ मध्ये आईवडिलांना न सांगता स्पेनला प्रयाण. पैसे पासियानो पाठवीत. या थोरल्या भावाविषयी आम्हाला विशेष आदर वाटतो. एकाने शेत सांभाळायचे आणि दुसऱ्याने शिकायचे, हा हिशेब आपल्या कित्येक घरांत झालेला आहे आणि शेत सांभाळणाऱ्याचे नाव कोणी घेत नाही. माद्रिदमध्ये रिझाल यांनी वैद्यक आणि तत्त्वज्ञान या दोन्ही विषयांच्या पदव्या घेतल्या. पुढे पॅरिस आणि हायडेलबर्ग येथे ते नेत्रवैद्यक शिकले, कारण आईची दृष्टी जात चालली होती.

१८८७ साली बर्लिनमध्ये त्यांची ‘नोली मे तांगेरे’ ही पहिली कादंबरी छापून निघाली. २,००० प्रती. छपाईला पैसे नव्हते, ते माक्सिमो व्हिओला या मित्राने दिले. कथा थोडक्यात अशी : युरोपात शिकून आलेला इबार्रा हा तरुण गावात एक शाळा बांधू पाहतो. कोणाचे काही बिघडविणारे हे काम नाही. पण पाद्र्याला मुले शिकलेली नको आहेत. तेवढ्या एका शाळेपायी इबार्रा देशद्रोही ठरतो. सिसा नावाची गरीब बाई आहे, तिच्या दोन लेकरांवर चर्चमध्ये चोरीचा आळ येतो आणि त्यात ती वेडी होते. नायकापेक्षा ही सिसाच फिलिपिनो माणसाच्या मनात घर करून बसली, असे आम्हाला वाटते.

पुस्तक मनिलात पोहोचताच सांतो तोमासच्या धर्मपंडितांच्या समितीने ते पाखंडी ठरविले, सेन्सॉरने बंदीची शिफारस केली. पुस्तक जवळ बाळगणे धोक्याचे झाले आणि म्हणूनच ते चोरून हातोहात फिरले. त्याच वर्षी रिझाल मायदेशी परतले. सरकारने जमिनींची चौकशी चालविली होती. कालांबाच्या कुळांच्या वतीने जे निवेदन गेले, ते तयार करण्यात रिझाल यांचा हात होता. कादंबरीवर पाद्री खवळले होतेच, आता त्यांच्या उत्पन्नालाच हात लागला. फेब्रुवारी १८८८ मध्ये रिझाल यांना पुन्हा देश सोडावा लागला.

त्यांच्या मागे जे घडले ते भयंकर आहे. १८८९ मध्ये त्यांचे मेहुणे मारियानो एर्बोसा पटकीने वारले, तेव्हा त्यांना ख्रिस्ती स्मशानभूमीत जागा नाकारण्यात आली. खंड भरण्यास नकार देणाऱ्या कुळांवर बेदखलीचे दावे लागले. कुळे कनिष्ठ न्यायालयापासून माद्रिदच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि हरली. गव्हर्नर जनरल वेयलर यांनी सैन्य पाठविले, घरे पाडली गेली, रिझाल यांचे वृद्ध आईवडीलही त्यातून सुटले नाहीत. पासियानो आणि मेहुण्यांना मिंदोरो बेटावर हद्दपार केले. ज्याने पुस्तक लिहिले तो हाती लागत नाही, तेव्हा त्याचे गोत वेठीस धरायचे, ही सत्तेची चाल सगळीकडे सारखीच.

परदेशातल्या या काळात रिझाल यांनी केलेली कामे मोठी आहेत. लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बसून त्यांनी मोर्गा या स्पॅनिश अधिकाऱ्याचा १६०९ सालचा ग्रंथ टीपांसह संपादित केला. आम्ही आलो तेव्हा तुम्ही रानटी होतात, हा जेत्यांचा दावा त्यांच्याच माणसाच्या ग्रंथातून खोडून काढला. फिलिपिनो माणूस आळशी, हा आरोप तर रोजचाच. त्यावर १८९० मध्ये लेखमाला लिहून त्यांनी असा युक्तिवाद मांडला, की ज्याच्या कष्टाचे फळ दुसराच नेतो त्याचा हात सैल पडणारच. ‘इंदिओ’ ही तिथली शिवी. पॅरिसमध्ये १८८९ साली मित्रांसह मंडळ काढले तेव्हा रिझाल यांनी तीच शिवी मंडळाच्या नावात अभिमानाने मिरविली. आणि मालोलोस गावच्या २० तरुणींनी स्पॅनिश शिकण्यासाठी रात्रशाळा मागितली, गावच्या पाद्र्याने मोडता घातला, तरी त्या मागे हटल्या नाहीत. त्यांना रिझाल यांनी १८८९ मध्ये तागालोग भाषेत लांबलचक पत्र धाडले. आईच गुलाम मनाची असेल तर लेकरे ताठ मानेची कशी निघणार, हा त्याचा आशय. सावित्रीमाईंच्या लेकींना त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

१८९१ मध्ये बेल्जियममधील घेंट येथे ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’ ही दुसरी कादंबरी निघाली, १८७२ मध्ये मारलेल्या त्या तीन पाद्र्यांना अर्पण केलेली. हिच्यात तालेस नावाचा शेतकरी आहे. जंगल तोडून तो जमीन तयार करतो. पीक उभे राहताच पाद्री येऊन जमीन आमची म्हणतात आणि खंड लावतात. दरसाल खंड वाढतो. तालेस दावा लावतो, हरतो, आणि शेवटी दरोडेखोर होतो. ही कालांबाच्या दाव्याचीच कैफियत आहे. न्यायालयात जी टिकली नाही ती कादंबरीत टिकली.

जून १८९२ मध्ये रिझाल धोका ओळखूनही परतले. ३ जुलैला मनिलात त्यांनी ‘ला लिगा फिलिपिना’ ही सनदशीर संघटना स्थापन केली आणि तीनच दिवसांत त्यांना अटक झाली. मिंदानाओमधील दापितान येथे चार वर्षांची हद्दपारी भोगताना त्यांनी शाळा चालविली, गावाला पाणी आणले, रोग्यांना तपासले. इकडे लिगाचेच एक सभासद, गोदामात काम करणारे गरीब घरचे आंद्रेस बोनिफासिओ, यांनी ‘कातिपुनान’ ही गुप्त क्रांतिकारी संघटना उभारली. १८९६ मध्ये तिचा दूत दापितानला आला, तेव्हा तयारी नसताना उठाव करण्यास रिझाल यांनी संमती दिली नाही.

आणि तरीही खटला त्यांच्यावरच झाला. ऑगस्टमध्ये उठाव सुरू झाला तेव्हा ते लष्करी डॉक्टर म्हणून क्युबाला जाण्याच्या वाटेवर होते. त्यांना बार्सिलोनाहून कैदी म्हणून परत आणले. न्यायालयात रोज उभे राहणाऱ्या आम्हाला या खटल्याचे कागद वाचून संताप येतो. चौकशीच्या वेळी वकील नाही. साक्षीदारांच्या जबान्या घेतल्या, पण त्यांची उलटतपासणी नाही. बचावासाठी दिलेल्या यादीत सारे लष्करी अधिकारी, त्यात एकही वकील नाही. रिझाल यांनी लुईस ताव्हिएल दे आंद्रादे हे नाव निवडले आणि त्या तरुण स्पॅनिश लेफ्टनंटने जीव ओतून बचाव केला, हे नमूद केलेच पाहिजे. पुरावा काय, तर जुनी पत्रे, कविता आणि कातिपुनानने रिझाल यांचे नाव परवलीचा शब्द म्हणून वापरले ही गोष्ट! तिसऱ्याने आपले नाव वापरले म्हणून आपण कटात सामील, असा हा न्याय. रिझाल यांनी तुरुंगातून उठावाचा निषेध करणारे जाहीर पत्रकही लिहिले होते. लष्करी कायदा सल्लागाराने ते दाबून ठेवावे असा सल्ला दिला, कारण त्यात उठावाचा निषेध होता, स्वातंत्र्याच्या आकांक्षेचा नव्हता. २६ डिसेंबरला सुनावणी, २८ ला मंजुरी, ३० डिसेंबर १८९६ च्या सकाळी बागुम्बायान मैदानात गोळ्या. झाडणारे शिपाई फिलिपिनो, आणि त्यांच्या पाठीमागे बंदुका घेऊन स्पॅनिश शिपाई. रिझाल तेव्हा ३५ वर्षांचे होते.

आदल्या रात्री त्यांनी लिखाण मागे घेऊन चर्चची माफी मागितली, असा चर्चचा दावा आहे. तो कागद १९३५ मध्ये मनिलाच्या आर्चबिशपच्या दफ्तरात सापडला. ज्या पक्षाचा फायदा त्याच्याच ताब्यात जवळजवळ ३९ वर्षे राहिलेला कागद आम्ही तरी डोळे मिटून मान्य करणार नाही. हस्ताक्षरावरून इतिहासकारांचा वाद आजही चालू आहे.

पुढे अमेरिकी राज्यकर्त्यांनी रिझाल यांचे पुतळे उभारण्यास मोठी मदत केली. सशस्त्र क्रांती करणाऱ्या बोनिफासिओंपेक्षा सुधारणावादी रिझाल त्यांना सोयीचे होते, अशी परखड टीका इतिहासकार रेनातो कोन्स्तान्तिनो यांनी १९६९ मधील व्याख्यानात केली. टीका निराधार नाही. परंतु त्याच रिझाल यांचे मूळ शब्द शाळेत शिकवायचे म्हटल्यावर काय झाले, तेही पाहावे. १९५६ साली क्लारो रेक्तो यांनी दोन्ही कादंबऱ्या शाळा-महाविद्यालयांत सक्तीच्या करणारे विधेयक आणले. कॅथॉलिक चर्चने त्याला प्रखर विरोध केला, शाळा बंद करण्याच्या धमक्या आल्या. अखेर धार्मिक कारणासाठी सवलतीचे कलम घालून १२ जून १९५६ रोजी कायदा झाला. म्हणजे पुतळ्याला कोणाची हरकत नव्हती. हरकत होती ती पुस्तकाला, लेखकाला मारून ६० वर्षे होत आली तरी!

चार्ल्स डर्बिशायर यांनी १९१२ साली केलेली दोन्ही कादंबऱ्यांची इंग्रजी भाषांतरे इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. भाषा जुनी आहे, पण अडत नाही. आधी ‘नोली’, मग ‘एल फिलि’ हा क्रम ठेवावा. वेळ थोडा असेल त्याने दुसरीतले तालेसचे प्रकरण तरी वाचावे. ते पुस्तकाच्या सुरुवातीलाच, चौथे आहे.