जीप निवडणारा उद्योजक : कैलाशचंद्र महिंद्रा

लोणावळ्याच्या तुंगार्लीहून राजमाचीकडे जाणाऱ्या वाटेवर एक जागा अशी येते, की तिथे डांबर संपते आणि खरी परीक्षा सुरू होते. पुढे तांबडा चिखल, ओढ्याचे आडवे पाणी, निसटते दगड आणि आषाढात तर दहा पावलांपलीकडचे काही दिसू न देणारे धुके. पुण्या-मुंबईहून आलेल्या कित्येक थाटदार गाड्या तिथूनच माघारी वळतात. स्थानिकांच्या जुन्या जीप मात्र पाऊस उघडला, की त्याच वाटेने खुशाल पुढे जातात. आजी-आजोबा, मुले, सामानसुमान अशा साऱ्या लवाजम्यासह घाटमाथ्यावर जायचे तर कोणती मोठी गाडी घ्यावी, याची चर्चा शहरी घरांमध्ये दर पावसाळ्यापूर्वी रंगते. रूप पाहावे की ताकद, आरामशीर आसने पाहावीत की चारही चाकांना मिळणारी ओढ, हा तिढा काही नवा नाही. जवळपास 80 वर्षांपूर्वी एका माणसाने हाच प्रश्न एका घरासाठी नव्हे, तर आपल्या साऱ्या उद्योगासाठी सोडवला होता. त्याचे नाव कैलाशचंद्र महिंद्रा.

कैलाशचंद्रांचा जन्म 1894 मध्ये पंजाबातील लुधियाना येथे झाला. नऊ भावंडांचे हे कुटुंब. वडील लवकर गेले आणि घराची जबाबदारी थोरले बंधू जगदीशचंद्र यांच्यावर येऊन पडली. जगदीशचंद्र हे मुंबईच्या व्हीजेटीआयचे विद्यार्थी. शिक्षणाने माणूस उभा राहतो, ही त्यांची श्रद्धा होती. त्यामुळे घरची परिस्थिती बेताची असूनही त्यांनी धाकट्या भावाच्या शिक्षणात खंड पडू दिला नाही. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजनंतर कैलाशचंद्र थेट केंब्रिजला गेले. तिथे अभ्यासाबरोबरच हॉकी आणि नौकानयनातही ते रमले. दोघा भावांच्या स्वभावांत फरक असला, तरी त्यांच्यातील विश्वास अखेरपर्यंत टिकला. पुढे उभ्या राहिलेल्या उद्योगाची खरी पुंजी तीच होती, असे म्हणायला हरकत नाही.

जगदीशचंद्रांनी टाटांच्या पोलाद कंपनीत विक्री विभागात वरिष्ठ पदावर काम केले आणि दुसऱ्या महायुद्धात ते देशाचे पहिले पोलाद नियंत्रक झाले. कैलाशचंद्रांची वाट कलकत्त्याच्या मार्टिन कंपनीतून गेली. तिथे सर राजेंद्रनाथ मुखर्जी यांच्यासारख्या कर्तबगार भारतीय उद्योजकाला त्यांनी जवळून पाहिले. मुखर्जींविषयी त्यांना इतका आदर होता, की 1933 मध्ये त्यांनी त्यांचे चरित्रच लिहिले. उद्योगपतींची चरित्रे पुष्कळ लिहिली जातात, पण पुढे स्वतः उद्योगपती झालेल्या माणसाने आपल्या वडीलधाऱ्या सहकाऱ्याचे चरित्र लिहावे, हे विरळाच.

1942 मध्ये त्यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली. भारतासाठी युद्धसाहित्य मिळवणाऱ्या अमेरिकेतील सरकारी पुरवठा पथकाचे प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली. अमेरिकेचे कारखाने तेव्हा रात्रंदिवस युद्धासाठी राबत होते. त्या धामधुमीत एक बुटकी, चौकोनी, छप्पर नसलेली गाडी साऱ्या जगाच्या डोळ्यांत भरली होती. ती म्हणजे जीप.

या गाडीची जन्मकथा मोठी रंजक आहे. 1940 च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्कराने 135 उत्पादकांकडे विचारणा केली आणि नमुना तयार करायला अवघे 49 दिवस दिले. बॅंटम या छोट्या कंपनीने पहिला नमुना वेळेत सादर केला. परंतु तिची उत्पादनक्षमता तोकडी पडल्याने मोठी कामगिरी विलिज-ओव्हरलँड आणि फोर्ड यांच्याकडे गेली. विलिजचे मुख्य अभियंते बार्नी रूस यांनी 60 अश्वशक्तीचे दणकट इंजिन दिले. मात्र ते जड होते. गाडी वजनाच्या मर्यादेत बसवण्यासाठी रूस यांनी बोल्टचे जादा तुकडे छाटले आणि रंगाचा थरही पातळ केला, असे जीपच्या इतिहासात सांगितले जाते. युद्ध संपेपर्यंत दोन्ही कंपन्यांनी मिळून 6 लाखांहून अधिक जीप बनवल्या. आफ्रिकेची वाळू, ब्रह्मदेशातील चिखल, युरोपातील हिवाळ्याचे बर्फ असे तिने सारेच तुडवले. जीप हे नाव कशावरून पडले, याविषयी मात्र अभ्यासकांचे आजही एकमत नाही.

अमेरिकेतील वास्तव्यात कैलाशचंद्रांची रूस यांच्याशी भेट झाली आणि तिथेच जीप भारतात आणण्याच्या कल्पनेने मूळ धरले, असे महिंद्रा उद्योगसमूहाच्या इतिहासात नोंदलेले आहे. या गाडीत त्यांनी काय पाहिले असेल, याचा अंदाज बांधणे अवघड नाही. साध्या मोटारीत इंजिनाची ताकद दोनच चाकांना मिळते. ती दोन चाके निसरड्यावर फिरू लागली, की गाडी जागीच थबकते. जीपमध्ये गरज पडेल तेव्हा चारही चाके ओढ लावतात. त्याशिवाय एक जादा मंद गिअर असतो. तो टाकला, की वेग जवळपास निम्म्यावर येतो आणि ओढण्याची ताकद त्याच प्रमाणात वाढते. तळ जमिनीपासून उंच असल्याने बैलगाडीच्या चाकोरीतला मधला उंचवटा घासत नाही. गाडीची लांबी जेमतेम 11 फूट आणि रुंदी 5 फुटांहून किंचित अधिक असल्यामुळे अरुंद वाटेवरही ती सहज वळते.

अमेरिकेत अशा गाडीची महती हिवाळ्यात कळते. मावळातला हिवाळा तसा सौम्य. पहाटेचे धुके आणि गवतावरचे दव एवढीच त्याची तक्रार. इथला कसोटीचा काळ म्हणजे पावसाळा. लोणावळ्यात वर्षाला सरासरी 4 हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळातील कित्येक वाड्या त्या काळी पावसाचे चार महिने बाहेरच्या जगापासून तुटत. मग रस्ता गाडीच्या लायकीचा होईपर्यंत थांबायचे, की त्या रस्त्याच्या लायकीची गाडी आणायची? कैलाशचंद्रांनी दुसरा मार्ग पत्करला.

युद्ध संपताच ते मायदेशी परतले. 2 ऑक्टोबर 1945 रोजी जगदीशचंद्र, कैलाशचंद्र आणि त्यांचे स्नेही मलिक गुलाम मुहम्मद यांनी मुंबईत महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी स्थापन केली. सुरुवातीचा धंदा होता पोलादाच्या व्यापाराचा. दोनच वर्षांत फाळणी झाली. गुलाम मुहम्मद यांनी पाकिस्तानची वाट धरली. ते त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही. इकडे मुंबईत 1948 मध्ये कंपनीचे नाव बदलून महिंद्रा अँड महिंद्रा झाले. आद्याक्षरे तीच राहिली. देशाबरोबर पंजाबही दुभंगला होता. ज्या लाहोरात कैलाशचंद्र शिकले, ते शहर परके झाले होते. भागीदार दुसऱ्या देशाचा मंत्री झालेला आणि हाती घेतलेला मोटारींचा उद्योग अगदीच नवखा. अशा स्थितीत त्यांनी आरंभलेले काम सोडले नाही, याचे मोल केवळ व्यापारी हिशेबात मोजता येणार नाही.

त्यांच्या निवडीतले धाडस कळण्यासाठी त्या वेळचे इतर उद्योजक काय करत होते, हे पाहायला हवे. बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स 1942 मध्ये स्थापन झाली होती आणि तिने ब्रिटनच्या मॉरिसशी नाते जोडले. सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभारून अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार केला आणि कुर्ल्याला कारखाना काढला. हेच वालचंद आधी बोरघाटातील रेल्वेच्या बोगद्यांचे कंत्राटदार होते. दोघांच्याही डोळ्यांसमोर ट्रकबरोबरच बंदिस्त, सुबक प्रवासी मोटार होती. मोटार परवडेल असा जो थोडा वर्ग होता, त्यालाही तीच हवी होती. महिंद्रांनी निवडलेल्या गाडीला दरवाजे नव्हते, काचा नव्हत्या आणि प्रतिष्ठाही नव्हती. ती लष्करी गाडी होती. महाराष्ट्राने तिला पाहिले तेही लष्कराच्याच ताफ्यांत. मावळच्या वेशीवरील देहूरोडला लष्करी आगारे होती, तर लोणावळ्याला फेब्रुवारी 1945 मध्ये नौदलाचे आयएनएस शिवाजी हे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले होते. अशी गाडी नागरिकांनी पैसे मोजून का घ्यावी, असा प्रश्न कुणालाही पडला असता.

त्याचे एक उत्तर बोरघाटातच मिळत होते. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत जवळपास 500 मीटरचा चढ. 1830 मध्ये खुला झालेला हा गाडीरस्ता मुंबई आणि दख्खनला जोडणारा मुख्य दुवा होता. त्या काळच्या मोटारींना हा चढ दमवत असे. इंजिन तापायचे, रेडिएटरचे पाणी उकळायचे आणि गाडी बाजूला लावून ते निवण्याची वाट पाहावी लागायची. माझगावात जोडलेली जीप पुण्याकडे निघाली, की तिचा पहिला सामना याच घाटाशी होई.

1947 मध्ये विलिजकडून सुट्या भागांच्या रूपात 75 जीपचा पहिला संच आला आणि माझगावात त्यांची जोडणी झाली. पुढची वर्षे सोपी नव्हती. 1951 मध्ये जगदीशचंद्रांचे निधन झाले. ज्यांच्या आधारावर केंब्रिजपर्यंतचा पल्ला गाठला, ते थोरले बंधूच नाहीसे झाले. पाठोपाठ 1953 मध्ये टॅरिफ आयोगाचा अहवाल आला. परदेशी सुटे भाग नुसते जोडून विकणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा आणि टप्प्याटप्प्याने देशातच उत्पादन करण्याची तयारी असणाऱ्यांनीच या धंद्यात राहावे, असा त्याचा आशय होता. जनरल मोटर्स आणि फोर्ड या बलाढ्य कंपन्यांनी भारतातील जोडणीचे कारखाने बंद केले. महिंद्रांनी 1954 मध्ये विलिजबरोबर जीपच्या देशी उत्पादनाची वाट धरली. जगातील दोन सर्वांत मोठ्या मोटार कंपन्या जिथून निघून गेल्या, तिथे पोलादाचे व्यापारी पाय रोवून उभे राहिले.

जीपला गिऱ्हाईक मिळाले ते सरकारी खात्यांत. 2 ऑक्टोबर 1952 रोजी सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि विकास गटाचा अधिकारी म्हणजे जीप असे समीकरणच होऊन बसले. पोलीस, वनखाते, पाटबंधारे, आरोग्यखाते आणि निवडणुकीतले उमेदवार साऱ्यांनाच ती हवी होती. जिथे एसटीही पोहोचत नव्हती, अशा गावांत प्रथम आलेली मोटार ही बहुधा जीपच असे.

कुटुंबाची गाडी म्हणून मात्र तिच्यात उणिवा पुष्कळ होत्या. पावसात ताडपत्रीच्या फटींतून पाणी आत येई. मागच्या बाकांवर समोरासमोर बसलेल्यांची हाडे खिळखिळी होत. दोन्ही आसांमधले अंतर कमी आणि उंची जास्त असल्याने वेगात वळण घेताना ती उलटण्याचा धोका असे. आज मोठी गाडी घेणाऱ्यांनीही यातून काही गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. दिसायला धिप्पाड असणाऱ्या कित्येक गाड्यांना ओढ दोनच चाकांची असते. चार चाकांची ओढ असली, तरी ती चिखलातून बाहेर काढते. ओल्या उतारावर गाडी थांबवण्याचे काम शेवटी ब्रेक आणि टायरच करतात. बोरघाटाच्या उताराला याचा विसर पडलेला चालत नाही. आणि वर्षातून दोनदा लोणावळ्याच्या बंगल्यापर्यंत डांबरी सडकेने जाणाऱ्याला तर या साऱ्याची गरजही नसते. कैलाशचंद्रांचा विचार आधी वाट पाहून मग वाहन ठरवण्याचा होता. दुकानातून घरी परतणाऱ्या बहुतेकांचा क्रम याच्या नेमका उलट असतो.

जीपखेरीजही त्यांच्या कामाचा व्याप मोठा होता. कोळसा खाणींसाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते आणि तिचा 1946 चा अहवाल त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मोटार आणि ट्रॅक्टर उद्योगांविषयीच्या सरकारी मंडळाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. रिझर्व्ह बँक, एअर इंडिया आणि हिंदुस्तान स्टील यांच्या संचालक मंडळांवर त्यांनी काम केले. शिक्षणासाठी भावाने घेतलेले कष्ट ते विसरले नव्हते. 1953 मध्ये स्थापन झालेला त्यांच्या नावाचा शिक्षण न्यास परदेशी उच्च शिक्षणासाठी जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना आजही साहाय्य करतो. 1963 मध्ये कैलाशचंद्रांचे निधन झाले. त्याच वर्षी कंपनीने इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने ट्रॅक्टरनिर्मितीत पाऊल टाकले.

त्यांच्यानंतर धुरा पुत्र केशुब महिंद्रा यांच्याकडे आली आणि ती त्यांनी 2012 पर्यंत वाहिली. अमेरिकेत केव्हाच बंद झालेली उंच बॉनेटची जीप भारतात त्यानंतरही अनेक दशके बनत राहिली. तिचाच सांगाडा लांबवून, छप्पर चढवून कमांडर, मार्शल, आर्मडा अशा गाड्या निघाल्या. 2000 मध्ये बोलेरो आणि 2002 मध्ये स्कॉर्पिओ आली, तेव्हा ताडपत्रीची जागा बंदिस्त वातानुकूलित केबिनने घेतली आणि ज्या घरांनी जीपकडे कधी ढुंकून पाहिले नव्हते, ती घरे ग्राहक झाली. 2010 मध्ये कंपनीचा कारखाना चाकणला सुरू झाला. मावळातील तळेगाव दाभाड्यापासून तो फार दूर नाही. तिथे तयार झालेल्या गाड्या तळेगावच्या रस्त्याने येतात, महामार्गाला लागतात आणि कामशेत, लोणावळा मागे टाकून त्याच घाटाने मुंबईकडे उतरतात.