लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (२० जून १८६९ – २६ सप्टेंबर १९५६) हे मराठी उद्योजक व किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक होते. लोखंडी नांगराचे उत्पादन आणि किर्लोस्करवाडी या औद्योगिक वसाहतीची स्थापना ही त्यांची प्रमुख कामे होत.

प्रारंभिक जीवन

त्यांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु अंशतः रंगांधत्व असल्याने तो मार्ग सोडावा लागला. यांत्रिक आरेखन मात्र त्यांनी आत्मसात केले आणि त्या बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये अध्यापनाची नोकरी मिळवली. १८८८ मध्ये थोरले बंधू रामचंद्र ऊर्फ रामूअण्णा यांच्यासह त्यांनी सायकलविक्री सुरू केली. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत. रामूअण्णा बेळगावात त्या विकत आणि १५ रुपये शुल्क घेऊन चालवायलाही शिकवीत. सायकलस्वार विरळा असलेल्या गावात ही शिकवणी विक्रीइतकीच आवश्यक होती. पुढे बढती डावलली गेल्याने लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली व ते बेळगावास परतले.

नांगराची विक्री

बेळगावात त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र व नंतर लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. त्यामुळे पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. या काळात अडचण उत्पादनाची नव्हती, विश्वासाची होती. किंमत उतरवून ती सुटणारी नव्हती. नांगर शेतात चालताना दिसू लागला, तसा हा समज ओसरत गेला.

किर्लोस्करवाडी

धंदा रुळत असतानाच नगरपालिकेच्या निर्बंधांमुळे बेळगावची जागा सोडण्याची पाळी आली. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड रेल्वेस्थानकाजवळ ३२ एकर जमीन व दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. निवडुंग व सापांनी भरलेल्या त्या माळावर १९१० मध्ये कारखाना व वसाहत उभी राहू लागली. रामूअण्णांकडे व्यवस्थापन, शंभूराव जांभेकरांकडे यंत्रकाम, मंगेशराव रेग्यांकडे हिशेब अशी कामांची वाटणी होती. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर कल्पक यंत्रज्ञ ठरले. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेल्यांना वसाहतीचे पहारेकरी नेमले गेले, हे तर आजही धाडसाचे वाटेल. वसाहतीत अस्पृश्यता पाळण्यास लक्ष्मणरावांनी मनाई केली होती.

पहिल्या महायुद्धात परदेशी नांगरांची आयात आटली आणि देशी मालाला मागणी आली. मात्र त्याच वेळी लोखंड दुर्मीळ झाले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा ओतकामासाठी दिल्या व काम चालू राहिले.

उत्पादनांची माहिती ग्राहकांपर्यंत पोचवण्यासाठी पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक काढले. माहितीपत्रक म्हणून सुरू झालेली ही खबर पुढे ‘किर्लोस्कर’ या नावाने मराठीतील अग्रगण्य मासिक बनली. जाहिरातीच्या गरजेतून वाङ्मयीन परंपरा निर्माण झाल्याचे असे उदाहरण मराठीत क्वचितच आढळते.

नांगरांपाठोपाठ चरक, पंप व इंजिने यांचे उत्पादन सुरू झाले. पुत्र शंतनुराव यांनी उद्योगाचा पुढे मोठा विस्तार केला. लक्ष्मणरावांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारतीय टपाल खात्याने १९६९ मध्ये त्यांच्यावर तिकीट प्रसिद्ध केले.