धन्यवादित निकोलस स्टेनो : हृदयाचा अभ्यासक, गरिबांचा बिशप

दरवर्षी ५ डिसेंबर रोजी धन्यवादित निकोलस स्टेनो यांचे स्मरण केले जाते. खडकांच्या थरांचे नियम मांडणारे शास्त्रज्ञ म्हणून भूगर्भशास्त्राचे विद्यार्थी त्यांना ओळखतात. परंतु जन्मतःच हृदयात दोष असलेल्या बालकांच्या मातापित्यांनीही त्यांचे स्मरण करावे, असे त्यांचे कार्य आहे.

निकोलस यांचा जन्म १६३८ साली डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे एका ल्युथरन सोनाराच्या घरी झाला. वयाच्या तिसऱ्या वर्षापासून सहाव्या वर्षापर्यंत ते आजारीच होते. पुढे त्यांनी वैद्यकशास्त्राचा अभ्यास केला. १६६० साली अ‍ॅमस्टरडॅम येथे, गालातील ग्रंथीतून तोंडात लाळ आणणारी नलिका त्यांनी शोधून काढली. आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. हृदय हे शरीरातील उष्णतेचे उगमस्थान आहे, अशी त्या काळी विद्वानांची समजूत होती. हृदय म्हणजे इतर स्नायूंसारखाच एक स्नायू आहे, असे स्टेनो यांनी १६६४ साली ग्रंथरूपाने मांडले.

पॅरिसमधील वास्तव्यात त्यांनी एका मृत अर्भकाच्या शरीराचे विच्छेदन केले. फुप्फुसाकडे रक्त नेणारी धमनी अरुंद होती, हृदयाच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र होते आणि महाधमनी दोन्ही कप्प्यांवर उघडत होती. निसर्गाचा चमत्कार म्हणून त्यांनी हे सोडून दिले नाही. रक्त कोणत्या वाटेने वाहत असेल, याचाही त्यांनी विचार केला आणि आपले निरीक्षण १६७० च्या दशकाच्या आरंभी प्रसिद्ध केले. शरीर निळे पडणाऱ्या बालकांच्या या विकाराचे हे पहिले ज्ञात वर्णन मानले जाते. मात्र त्यावर उपाय करणे त्या काळी कोणाच्याही हाती नव्हते.

१६६६ साली इटलीतील लिव्होर्नो येथे ख्रिस्तशरीराच्या सणाची मिरवणूक पाहून त्यांचे अंतःकरण हेलावले. दीर्घ चिंतनानंतर २ नोव्हेंबर १६६७ रोजी त्यांनी कॅथलिक श्रद्धेचा स्वीकार केला. १६७५ साली त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. १६७७ साली पोप अकरावे इनोसंट यांनी त्यांना बिशप नेमून उत्तर युरोपातील विखुरलेल्या कॅथलिकांची जबाबदारी सोपवली. गरिबांना मदत करण्यासाठी त्यांनी आपली बिशपपदाची अंगठी आणि क्रूसही विकला. म्युन्स्टर येथे नव्या बिशपच्या निवडीत पैशाचा वापर झाल्याचे पाहून १६८३ साली त्यांनी ते शहर सोडले. उपवास व कष्ट यांनी झिजलेले त्यांचे शरीर १६८६ साली श्वेरिन येथे, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी विसावले. २३ ऑक्टोबर १९८८ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले.

स्टेनो यांनी पाहिलेल्या विकाराचे सविस्तर वर्णन फ्रेंच वैद्य फॅलो यांनी १८८८ साली केले व त्यांचेच नाव त्या विकाराला मिळाले. त्यावरील पहिली उपयुक्त शस्त्रक्रिया २९ नोव्हेंबर १९४४ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर येथे झाली. बालरोगतज्ज्ञ हेलन टॉसिग यांची कल्पना, शल्यविशारद आल्फ्रेड ब्लॅलॉक यांचे हात आणि प्रयोगशाळेत ते तंत्र सिद्ध करणारे कृष्णवर्णीय साहाय्यक व्हिव्हियन थॉमस यांचे परिश्रम, असा तिघांचा त्यात वाटा होता. पाहणे एकट्याला जमले होते. बरे करण्यासाठी अनेकांना एकत्र यावे लागले.

हीच गोष्ट आपल्या राज्यातही दिसते. नागपूर महाधर्मप्रांताच्या हद्दीतील गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गाढवी नदीवर इटियाडोह धरण आहे. धरण भरलेले असले तरी कालवा पोहोचला नाही, तर शेवटच्या बांधीतील धान वाळते. उपचारांचेही तसेच आहे. हृदयशस्त्रक्रिया मोठ्या शहरांत होतात. अशा दूरच्या गावातील मजुराचे मूल तेथपर्यंत पोहोचावे कसे? त्यासाठीचा कालवा शासन व खाजगी संस्था मिळून बांधत आहेत. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या व शाळांतील बालकांची तपासणी करतात. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली सरकारी तसेच खाजगी रुग्णालयांत शस्त्रक्रिया होऊ शकते व तिचा खर्च योजनेतून भागतो. शेजारच्या छत्तीसगडमध्ये नवा रायपूर येथील श्री सत्य साई संजीवनी रुग्णालय बालकांच्या हृदयावर विनामूल्य उपचार करते.

तरीही पहिले पाऊल घरातच पडावे लागते. सुमारे शंभर बालकांमागे एकाच्या हृदयात जन्मजात दोष असतो. ओठ व नखे निळी पडणे, दूध पिताना धाप लागणे, घाम येणे, वजन न वाढणे, वारंवार न्यूमोनिया होणे ही त्याची लक्षणे होत. असे मूल दिसल्यास दैवाला अथवा मातेला बोल लावू नये. अंगणवाडीसेविकेला वा आरोग्यकेंद्राला त्वरित कळवावे. प्रवासखर्च, शहरातील मुक्काम, आईच्या सोबतीला एक माणूस, एवढे तर कोणताही धर्मग्राम देऊ शकतो.

स्टेनो यांनी त्या अर्भकाकडे पाहून नजर फिरवली नाही आणि गरिबांसाठी अंगठी विकताना मागे पाहिले नाही. त्यांच्या मध्यस्थीने आपल्यालाही तशी दृष्टी आणि तसे औदार्य लाभो, हीच प्रार्थना.