तर्खडकर ते कोलंबिया

हॉस्टेलच्या रीडिंग रूममध्ये सध्या दोनच विषय चालू असतात, जीआरई आणि टोफेल. मी कॉन्व्हेंटमधून आल्यामुळे बरेच जण एसओपी तपासायला माझ्याकडे आणून देतात. मलाही वाटायचं, फाडफाड इंग्रजी आलं की परदेशी शिक्षणाची निम्मी तयारी झाली. मग डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं चरित्र वाचलं आणि हा गैरसमज पार धुऊन निघाला.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू इथे भीमरावांचा जन्म झाला. वडील रामजी सकपाळ लष्करी शाळेत हेडमास्तर होते. साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना वर्गात वेगळं बसावं लागे आणि स्वतःच्या हाताने पाणीही घेता येत नसे. पण घरी रामजी त्यांच्याकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तकं आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोटून घेत. योग्य शब्द कोणता, तो का योग्य, हे ते मुलाला विचारत. पुढे मुंबईत परळच्या चाळीतल्या एका खोलीत अख्खं कुटुंब राहायचं. रामजी रात्री दोन वाजता मुलाला अभ्यासाला उठवत आणि मगच स्वतः झोपत. पुस्तकांसाठी पैसे नसले तर लग्न झालेल्या मुलींकडून उसने आणत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, ७५० पैकी २८२ गुण मिळवून. म्हणजे आपल्या भाषेत जेमतेम पास! पण तयारी गुणपत्रिकेत दिसत नव्हती, ती आत मुरत होती.

१९१२ साली बी. ए. झाले. फेब्रुवारी १९१३ मध्ये रामजी गेले. त्याच वर्षी सयाजीराव गायकवाडांची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली आणि जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथे सेलिग्मन आणि ड्युईसारखे प्राध्यापक होते. १९१५ साली एम. ए. झालं. १९१६ च्या मे महिन्यात त्यांनी गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये भारतातील जातींवर निबंध वाचला. ज्या जातीमुळे त्यांना वर्गात वेगळं बसवलं, तीच त्यांनी अभ्यासाचा विषय करून परक्या भाषेत तज्ज्ञांपुढे मांडली.

मग लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. पण १९१७ साली शिष्यवृत्ती संपली आणि शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. पुस्तकं दुसऱ्या जहाजाने पाठवली होती, ते जहाज युद्धात बुडालं. करारानुसार बडोद्याला नोकरी धरली, तर राहायला जागा मिळेना आणि ऑफिसातले शिपाई फायली लांबून टाकायचे. इंग्रजी आणि पदव्या असूनही!

तरी हट्ट सुटला नाही. सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. १९२० साली पुन्हा लंडन. दिवसभर ब्रिटिश म्युझियमचं ग्रंथालय आणि रात्री भूक लागली तर पापड. १९२१ साली एम. एस्सी. झाले. पुढच्या वर्षी रुपयाच्या प्रश्नावरचा डी. एस्सी.चा प्रबंध दिला, तर परीक्षकांनी तो पुन्हा लिहायला सांगितला, कारण ब्रिटिश धोरणावरची टीका झोंबली होती. पैसे संपले होते. मुंबईला येऊन त्यांनी मांडणी बदलली, पण निष्कर्ष तेच ठेवले. १९२३ साली डी. एस्सी. मिळाली.

आपला सबमिशनचा जर्नल रिटर्न आला की आपण सरांना शिव्या घालतो. इथे वयाच्या बत्तिसाव्या वर्षी माणूस घरदार सांभाळून पूर्ण प्रबंध परत लिहितो. परदेशी शिक्षणाला लागणारं इंग्रजी ते हेच असावं. भरपूर वाचायचं, आपलं म्हणणं पुराव्यानिशी मांडायचं, आणि कोणी खोडलं तर मुद्दा न सोडता पुन्हा लिहायचं. ॲक्सेंट वगैरे नंतर.

व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेल्यावर बाबासाहेबांनी दलित विद्यार्थ्यांना परदेशी शिकायला पाठवण्यासाठी सरकारकडून पैसे मंजूर करून घेतले. जी वाट त्यांना एकट्याने तुडवावी लागली, ती त्यांनी मागच्यांसाठी थोडी रुंद केली.

तेव्हा मित्रांनो, एसओपी आणा, मी जरूर तपासून देईन. पण त्यात मांडण्यासारखं काहीतरी तुमचं स्वतःचं असू द्या. स्पेलिंग मी बघते.