हर्बर्ट हूवर

हर्बर्ट क्लार्क हूवर (१० ऑगस्ट १८७४ – २० ऑक्टोबर १९६४) हे अमेरिकेचे ३१वे राष्ट्राध्यक्ष (१९२९–१९३३) होते. आयोवा राज्यातील वेस्ट ब्रँच या गावी एका लहानशा घरात त्यांचा जन्म झाला. वयाच्या नवव्या वर्षी ते पोरके झाले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील शिक्षणानंतर खाण अभियंता म्हणून त्यांनी मोठी संपत्ती मिळवली.

१९२१ ते १९२८ या काळात वाणिज्यमंत्री असताना त्यांनी स्वमालकीचे घर हा राष्ट्रीय समृद्धीचा पाया मानला. घरमालक नागरिक काटकसरी व जबाबदार होतो, अशी त्यांची धारणा होती. 'बेटर होम्स इन अमेरिका' या चळवळीद्वारे त्यांनी या विचाराचा प्रसार केला. मात्र त्या काळी बहुतेक गृहकर्जे तीन ते पाच वर्षांच्या मुदतीची असत. अनेक कर्जदार केवळ व्याज भरत आणि मुदत संपताच मुद्दल फेडण्यासाठी नवे कर्ज काढत.

१९२९च्या शेअर बाजारातील पडझडीनंतर महामंदी आली. बँका बुडाल्या, नवी कर्जे मिळेनाशी झाली आणि लाखो कुटुंबांनी घरे गमावली. बेघरांच्या झोपडपट्ट्यांना लोक उपहासाने 'हूवरव्हिल' म्हणू लागले. जुलै १९३२मध्ये हूवर यांनी संघीय गृहकर्ज बँक कायद्यावर स्वाक्षरी केली. परंतु संकटातील घरमालकांना त्याचा फारसा लाभ झाला नाही. त्याच वर्षीच्या निवडणुकीत फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी त्यांचा पराभव केला. रूझवेल्ट प्रशासनाने १९३४मध्ये दीर्घ मुदतीच्या, हप्त्यांनी फिटणाऱ्या गृहकर्जांना सरकारी विम्याचे संरक्षण दिले. हूवर यांच्या काळात स्थापन झालेली गृहकर्ज बँकांची यंत्रणा आजही कार्यरत आहे.