पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील : स्पर्धा म्हणजे काय हे सांगणारं एक चरित्र



अकरावी-बारावीच्या वाणिज्य वर्गात ‘उद्योगांमधली स्पर्धा’ शिकवायची वेळ आली की आपण काय करतो? दोन साबणांच्या नाहीतर दोन शीतपेयांच्या कंपन्यांचं उदाहरण देतो. मुलं माना डोलावतात, परीक्षेत तेच लिहितात आणि विसरून जातात. आपण अहिल्यानगर जिल्ह्यातली माणसं. आपल्या दारात इतकं चांगलं उदाहरण असताना बाहेर कशाला जायचं? आज ते उदाहरण म्हणजे लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांचं आयुष्य बघू.

आजच्या राहाता तालुक्यातलं लोणी बुद्रुक हे त्यांचं गाव. घर शेतकऱ्याचं. शाळेचं शिक्षण फारसं झालं नाही, पण हिशेब पक्का होता. कर्जात अडकलेला शेतकरी त्यांनी जवळून पाहिला होता. म्हणून 1923 मध्ये त्यांनी गावात सहकारी पतपेढी उभी केली. पुढच्या मोठ्या कामाची ही पहिली पायरी होती, हे लक्षात ठेवा.

आता त्या काळचा बाजार समजून घ्या. 1926 मध्ये भंडारदऱ्याचं धरण पूर्ण झालं आणि प्रवरेच्या कालव्यांचं पाणी शेतात खेळू लागलं. 1932 मध्ये सरकारने देशी साखरेला संरक्षण दिलं, म्हणजे परदेशी साखरेवर जबर कर बसवला. साखरधंदा फायद्याचा झाला. आपल्या भागात हरेगाव, टिळकनगर, साकरवाडी अशा ठिकाणी खासगी कारखाने होते. या कारखान्यांची खासियत अशी की ते शेतकऱ्याच्या उसावर अवलंबून नव्हते. शेतकऱ्यांच्या जमिनी ते दीर्घ मुदतीच्या खंडाने घेत आणि स्वतःच ऊस पिकवत.

म्हणजे बघा, जमीन शेतकऱ्याची, पाणी कालव्याचं, पण साखरेचा नफा भांडवलदाराचा. खंड ठरलेला, साखर कितीही महाग झाली तरी! ज्यांनी जमीन दिली नाही त्यांनी ऊस लावून गूळ केला, तर गुळाचा भाव पडला की वर्ष वाया. शेतकऱ्याला तिसरा रस्ताच नव्हता.

इथे वर्गात जरा थांबा आणि मुलांना विचारा : तुम्ही विठ्ठलरावांच्या जागी असता तर काय केलं असतं? जास्त खंड मागितला असता? गुळाची गुऱ्हाळं वाढवली असती? बहुतेक मुलं यातलंच काहीतरी सांगतील. विठ्ठलराव मात्र खंडाच्या घासाघीसीत अडकले नाहीत. शेतकऱ्यानेच कारखान्याचा मालक व्हायचं, असं त्यांनी ठरवलं.

ठरवणं सोपं, करणं अवघड. साखर कारखान्याला लागतात यंत्रं, परवाना आणि भरपूर पैसा. नवा माणूस धंद्यात शिरू नये अशा या भिंती असतात. व्यवसायशास्त्रात यांना ‘प्रवेशातील अडथळे’ म्हणतात. ते कसे ओलांडले ते बघा. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचा अभ्यास पाठीशी होता. मुंबई राज्याचे मंत्री वैकुंठभाई मेहता सहकाराच्या बाजूने होते. सरकारने भागभांडवलाला हातभार लावला, नव्याने स्थापन झालेल्या औद्योगिक वित्त महामंडळाने कर्ज दिलं. पण त्याआधी शेतकऱ्याच्या खिशातून भाग जमवायचे होते. त्यासाठी विठ्ठलराव आणि त्यांचे सहकारी गावोगाव हिंडले. ज्यांनी कधी बँकेचं तोंड पाहिलं नव्हतं, त्यांना भाग घ्यायला लावायचं म्हणजे केवढं काम! कारखाना बुडाला असता तर गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

1950-51 च्या हंगामात प्रवरेचा कारखाना सुरू झाला. राज्यातला हा पहिला सहकारी साखर कारखाना. गाडगीळ अध्यक्ष आणि विठ्ठलराव उपाध्यक्ष. स्वतः पुढे बसण्यापेक्षा जाणत्या माणसाला पुढे बसवलं, हाही एक धडाच.

मग खासगी कारखान्यांपुढे हा टिकला कसा? पहिलं कारण, ऊस देणारा तोच सभासद आणि तोच मालक, त्यामुळे उसाची खात्री. दुसरं, नफा उसाच्या भावातून सभासदाच्या घरी परत जायचा, त्यामुळे तो दुसरीकडे कशाला बघेल? तिसरं, साखरेच्या पैशातून परिसरात शिक्षणाची आणि आरोग्याची सोय होऊ लागली. खासगी कारखान्याला याची नक्कल करता येणं शक्य नव्हतं, कारण त्याचा मालकच वेगळा होता. स्पर्धकाला ज्याची नक्कल जमत नाही, तीच खरी ताकद, हे सूत्र मुलांना इथे सांगा.

1961 मध्ये विठ्ठलरावांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी कमाल जमीन धारणा कायदा आला आणि खासगी कारखान्यांच्या मोठ्या शेतीवर टाच आली. राहुरी, कोपरगाव, संगमनेर, श्रीरामपूर भागात सहकारी कारखाने उभे राहिले. 27 एप्रिल 1980 रोजी विठ्ठलराव गेले.

पण गोष्ट इथेच संपवू नका. पुढे सहकारी कारखान्यांचीच आपसात स्पर्धा लागली. उसाची पळवापळवी होऊ लागली. आजही दोन कारखान्यांत 25 किलोमीटर हवाई अंतराचा नियम आहे, तो याचसाठी. आणि आणखी एक बाजू. सभासद झाला तो पाण्याखालची जमीन असलेला शेतकरी. आपल्याच जिल्ह्यातल्या पाथर्डीहून आणि शेजारच्या बीडहून कोयता घेऊन येणारा ऊसतोड मजूर या मालकीच्या बाहेरच राहिला. त्याची मुलं आपल्या शाळेत हंगामापुरती येतात-जातात, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

म्हणून पाठ संपवताना मुलांना दोन प्रश्न द्या. विठ्ठलरावांनी नेमकी कोणाशी स्पर्धा केली, कारखान्याशी की परिस्थितीशी? आणि आज तसाच कारखाना काढायचा असेल, तर मालकीत कोणाला घ्याल? उत्तरं वहीत नको, चर्चेत येऊ द्या. पालकांनीही घरी जेवताना हा विषय काढावा. ज्यांच्या घरी ऊस आहे आणि ज्यांच्या घरी कोयता आहे, त्यांची उत्तरं वेगळी येतील. दोन्ही ऐकून घ्या.